नाव पुकारलं जातं तेव्हा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



पदवीदान समारंभ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळे झगे, चौकोनी टोप्या, व्यासपीठावर ओळीनं बसलेले मान्यवर आणि हातात गुंडाळी घेऊन हसणारी मुलं. मी हा समारंभ गेली तीस वर्षं उलट्या बाजूनं पाहत आलो आहे. सभागृहाच्या अगदी मागं, दाराजवळ एक टेबल असतं. टेबलावर मिक्सर, दोन लॅपटॉप, चिकटपट्टीची रिळं, सेलची खोकी आणि हमखास थंड झालेला चहा. त्या टेबलामागं मी बसतो. कविता लिहितो, बी.ए. झालो आहे, पण चूल पेटते ती पनवेलमधल्या माइक-लाइटच्या धंद्यावर.

हा धंदा अब्बांचा. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि जोडीला दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर भाड्यानं द्यायचे. गणपती असो, उरूस असो, हळद असो की कीर्तन, भोंगा एकच. अब्बा म्हणायचे, "भोंग्याला जात नसते, फक्त दिशा असते. तोंड चुकीच्या दिशेला केलंस की ऐकणाऱ्याचं नुकसान." हे वाक्य मला पुढं ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांतही इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही.

आज तुम्हांला या टेबलामागचं काम समजावून सांगावं म्हणतो. कारण सभागृहात बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. ते नीट झालं तर दिसूच नये, अशी अपेक्षा असते. चुकलं तर मात्र चारशे माना एकदम मागं वळतात.

आधी थोडा इतिहास. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास इथंही विद्यापीठं निघाली. मुंबईची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ साली बाहेर पडली. त्या तुकडीत किती जण होते? चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार नावं वाचायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. माइक नव्हताच आणि चार नावांसाठी तो लागलाही नसता.

पुढं सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह उभं राहिलं. १८७४ साली ते बांधून झालं. त्याचा आराखडा इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला आणि गंमत म्हणजे स्वतः मुंबईला न येता केला. उंच दगडी भिंती, कमानी, रंगीत काचा आणि बारा राशींचं ते गोल गवाक्ष. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा कवी म्हणून हरखून गेलो आणि माइकवाला म्हणून धसका घेतला. दगड आणि काच आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. अशा वास्तूत एक शब्द विझायच्या आत पुढचे शब्द त्याच्यावर येऊन पडतात आणि सगळ्यांचा मिळून गलका होतो.

या गलक्याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं. साल १८९५. विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना, म्हणून त्याला ते काम सोपवलं. त्यानं मोजलं तर तिथं एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता! सॅबाइन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, खुर्च्यांवर मांडायचा आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विझतो ते घड्याळ लावून टिपायचा. गादी आवाज पिते, तसा माणूसही पितो, हे त्यानं दाखवून दिलं.

याचा आमच्या धंद्यातला अर्थ असा. सकाळी रिकाम्या सभागृहात आम्ही माइक तपासतो, तेव्हा आवाज घुमतो. प्राचार्य घाबरतात, म्हणतात, "अहो, हे काय?" मी सांगतो, "सर, अजून गाद्या यायच्या आहेत." चारशे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप येऊन बसले की घुमणं आपोआप कमी होतं. पण तितकाच आवाजही कमी पडू लागतो. म्हणून रिकाम्या सभागृहात मनासारखं जमवलेलं सगळं भरल्या सभागृहात पुन्हा जमवावं लागतं, तेही कुणाच्या लक्षात येऊ न देता.

मुंबई विद्यापीठाचा पसारा मोठा. मुंबई शहरापासून थेट सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालयं त्यात येतात. सगळ्यांना फोर्टला बोलावणं शक्यच नाही. त्यामुळे बहुसंख्य मुलांच्या हातात पदवी पडते ती त्यांच्या महाविद्यालयातच. पनवेलला हे समारंभ कधी महाविद्यालयाच्या सभागृहात होतात, कधी मैदानावर मांडव घालून. मांडवाला दगडी भिंती नाहीत, त्यामुळे घुमण्याचा त्रास नाही. मग सोपं असेल, असं तुम्हांला वाटेल. नाही! तिथं वेगळंच भूत असतं.

आवाज हवेतून जातो तो आपल्या उकाड्यात सेकंदाला साधारण ३५० मीटर. तारेतून जाणारा विजेचा संदेश मात्र डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी पोचतो. समजा, व्यासपीठापासून ३५ मीटरवर मागच्या लोकांसाठी आम्ही दुसरी स्पीकरची जोडी लावली. मागं बसलेल्या बाईंना जवळच्या स्पीकरमधून नाव लगेच ऐकू येतं आणि सेकंदाच्या दहाव्या भागानंतर व्यासपीठाजवळच्या स्पीकरमधून तेच नाव परत येतं. "पाटील-टील" असं काहीतरी कानावर पडतं. उपाय काय? मागच्या स्पीकरला जाणारा संदेश मुद्दाम तेवढाच उशिरा सोडायचा. त्यासाठी यंत्र असतं, त्याला आम्ही डिले म्हणतो. १९४९ साली हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं दाखवलं की, दोन आवाज सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आत एकामागून एक आले तर कान त्यांना एकच समजतो आणि जो आधी आला त्याच्याच दिशेनं आवाज आला असं मानतो. म्हणून आम्ही मागच्या स्पीकरला गरजेपेक्षा किंचित जास्त उशीर करतो. बाईंना वाटतं, नाव थेट व्यासपीठावरूनच आलं. आवाज असतो डोक्यावरच्या स्पीकरचा, नजर असते मुलीवर. अब्बांची 'दिशा' ती हीच.

आता माइकच्या शिट्टीबद्दल. तुम्ही सगळ्यांनी ती ऐकली आहे आणि माइकवाल्याला मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील. होतं असं की, माइकमध्ये गेलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर येतो. त्यातला थोडा पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. हे चक्र फिरत राहिलं की शिट्टी. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन या शास्त्रज्ञाच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. स्पीकर माइकच्या पुढं ठेवायचे, मागं नाही, हा त्यावरचा पहिला इलाज. दुसरा इलाज वक्त्याच्या हातात असतो. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. पाहुणे संकोचानं दोन हात लांब उभे राहतात, मग आम्हांला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टीला आमंत्रण मिळतं. काही जण शिट्टी आली की माइकची जाळी मुठीत दाबतात. त्यानं ती थांबत नाही, वाढतेच. माइकपासून एक वीत अंतर ठेवा, जाळीला हात लावू नका आणि बोटानं टकटक करू नका. एवढं केलंत तर आम्ही तुम्हांला दुवा देऊ.

उजेडाचंही तसंच. ती चौकोनी टोपी दिसायला रुबाबदार, पण तिच्या कडेची सावली बरोबर कपाळावर आणि डोळ्यांवर पडते. नाटकासारखे वरून दिवे सोडले की फोटोत टोपी दिसते, मूल दिसत नाही. म्हणून समोरून, थोड्या खालच्या उंचीवरून मऊ उजेड द्यावा लागतो. दिवे आणि आवाज यांची वीज शक्यतो वेगवेगळ्या फेजवरून घ्यायची, नाहीतर डिमरची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिचा 'हम्म' कान ओळखतो. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतोच. तेवढ्या वेळात मिक्सर आणि लॅपटॉप बंद पडू नयेत म्हणून त्यांना यूपीएस. व्यासपीठाला चढायचा जिना एका बाजूला, उतरायचा दुसऱ्या बाजूला, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि गालिच्याखाली एकही तार मोकळी नको. झगा घातलेल्या मुलीला पायाखालचं दिसत नाही, हे मंडपवाल्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

राष्ट्रगीताची ध्वनिफीत दोन वेगळ्या यंत्रांवर तयार ठेवतो. पूर्ण गीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. त्या ५२ सेकंदांत आम्हीही सावधान उभे असतो, मिक्सरला हात लावता येत नाही. म्हणून आवाजाची पातळी आधीच ठरवायची आणि हात सोडायचे. २०२३ पासून राज्यगीतही या यादीत आलं आहे.

पण श्रोतेहो, हे सगळं झालं सामान. समारंभाचा जीव असतो तो नावांच्या यादीत.

हिशेब करून पाहा. चारशे विद्यार्थी. प्रत्येकाचं नाव, त्यानं चालत येणं, पदवी घेणं, फोटो, उतरणं. आठ सेकंद धरा. ३२०० सेकंद झाले, म्हणजे जवळजवळ ५३ मिनिटं. प्रमुख पाहुण्यांना ती ५३ मिनिटं लांबलचक वाटतात. मुलाला त्यातले आठच सेकंद मिळतात. तीन वर्षांची फी, लोकलची गर्दी, उरण-पेणहून केलेल्या एस.टी.च्या खेपा, घरातलं कुणाचं तरी आजारपण, हे सगळं त्या आठ सेकंदांमागं उभं असतं.

आणि यादी येते इंग्रजी मोठ्या अक्षरांत. त्या लिपीला आपला 'ळ' माहीत नाही, 'ण' माहीत नाही. काळे की काले, कळत नाही. आमच्या पनवेल-उरणकडं मढवी आडनावाची घरं पुष्कळ. इंग्रजीत लिहिलं की ते आडनाव आणि माधवी हे मुलीचं नाव हुबेहूब एकच दिसतं! बाहेरून आलेल्या निवेदिकेनं एकदा एका धिप्पाड मुलाला आडनावाऐवजी 'माधवी' करून टाकलं आणि सगळा मांडव हसला. तो मुलगाही हसला, पण पदवी घेताना त्यानं मान वर केली नाही. मुसलमान मुलांच्या नावांचं तर विचारूच नका. माझं स्वतःचं नाव शाळेत चार मास्तरांनी चार तऱ्हांनी घेतलं. कवी झाल्यावर कविसंमेलनांतही पाचवी तऱ्हा ऐकली. त्यामुळे या बाबतीत मी थोडा हट्टी आहे.

मी महाविद्यालयांना सांगतो की, आदल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक चिठ्ठी घ्या. त्यावर त्यानं आपलं नाव स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहायचं, घरी हाक मारतात तसं. समारंभात तो ती चिठ्ठी घेऊनच जिना चढतो आणि वाचणाऱ्याच्या हातात देतो. याचे फायदे दोन. उच्चार चुकत नाही आणि कुणी गैरहजर राहिलं तर यादी सरकून एकाचं नाव दुसऱ्याला लागत नाही. मी माइकही 'हॅलो, वन टू थ्री' म्हणून तपासत नाही. यादीतली पहिली वीस नावं वाचतो. नावांत सगळी अक्षरं येतात. 'श' आणि 'स' जास्त सळसळतात का, 'प' आणि 'भ' माइकवर फुटतात का, सगळं कळतं.

आता माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता, माझा होता. नावं वाचायला बिनतारी माइक दिला होता. त्यातले सेल आदल्या रात्री एका हळदीत वापरलेले. दिव्यावर अर्धा भाग दिसत होता. म्हटलं, तास-दीड तास निघेल, नवे सेल कशाला फोडा? नावांची यादी अर्ध्यावर आली आणि माइक गेला. माझ्या लक्षात येऊन मी पोडियमचा तारेचा माइक उघडेपर्यंत आठ-दहा सेकंद गेले असतील. तेवढ्यात एक मुलगी जिना चढली, पदवी घेतली आणि उतरली. पुढच्या मुलाचं नाव खणखणीत ऐकू आलं. टाळ्या वाजल्या. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही.

समारंभ संपल्यावर मी तारा गुंडाळत होतो. ती मुलगी आली. रागावली नव्हती. म्हणाली, "काका, माझं नाव घेतलं होतं ना? मला जवळून ऐकू आलं, पण बाबा मागं बसले होते. ते विचारत होते, तुझं नाव का नाही घेतलं म्हणून." मी म्हटलं, "चूक माझी झाली, बेटा. बाबांना बोलव, मी आत्ता माइक लावतो आणि स्वतः तुझं नाव घेतो." ती म्हणाली, "बाबा गेले. त्यांची ड्यूटी आहे. एस.टी. चुकली असती." एवढं बोलून ती मैत्रिणींकडं गेली.

सेलची ती जोडी तेव्हा वीस-पंचवीस रुपयांची असेल.

त्या दिवसापासून माझ्याकडं नियम आहे. नावं वाचायला तारेचाच माइक. बिनतारी द्यावाच लागला तर सेल नवे, आणि शेजारी तारेचा दुसरा माइक चालू. टेबलावर माझ्याखेरीज आणखी एक पोरगा, ज्याचं काम एकच, कानाला हेडफोन लावून प्रत्येक नाव ऐकायचं आणि यादीवर टिंब करायचं. टिंब राहिलं तर त्यानं हात वर करायचा आणि नाव पुन्हा घ्यायला लावायचं, पाहुणे कितीही मोठे असोत. सुरुवातीला आयोजकांना हे आवडलं नाही. आता काही प्राचार्य स्वतःच विचारतात, "टिंबवाला आला का?"

अलीकडं मला कुणी म्हणतं की, पदवी आता डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर मिळते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न चुकीचा नाही. करोनाच्या काळात, २०२० च्या ऑगस्टमध्ये, पवईच्या आयआयटीनं समारंभ पडद्यावर घेतला आणि प्रत्येक विद्यार्थ्याची संगणकी प्रतिमा पदवी घ्यायला पुढं आली. मला त्याचं कौतुक वाटलं. टाळेबंदीत कुणाला जागचं हलता येत नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येकाला एकेक करून पुढं आणलं. कागद पोचवायचा असता तर पोस्ट होतंच. त्यांनाही पोचवायचं होतं ते वेगळंच काहीतरी.

सरकारनं २०२४ मध्ये निर्णय घेतला की, ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येईल. ती मुलं पदवीला पोचतील तेव्हा प्रत्येक नाव एक-दोन सेकंदांनी लांबेल. चारशे नावांमागं दहा मिनिटं वाढतील. पाहुणे घड्याळ पाहतील. पाहू देत. मागच्या रांगेत बसलेल्या बाईला आपलंही नाव स्पीकरमधून ऐकू येईल, त्यासाठी दहा मिनिटं काही फार नाहीत.

माझी बी.ए.ची पदवी मी कार्यालयाच्या खिडकीतून घेतली. खिडकीतल्या माणसानं वर न पाहता वही पुढं सरकवली, मी सही केली, गुंडाळी मिळाली. घरी आलो. अब्बा दुकानात एका भोंग्याचा पडदा बदलत होते. त्यांनी हात पुसले, गुंडाळी उघडली, उलटसुलट पाहिली. स्वतः चौथी शिकलेले. आमच्या घरच्या बोलीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्याचा अर्थ असा की, नाव पुकारलं का? मी म्हटलं, नाही, तसं काही नसतं. ते म्हणाले, "मी तर गावातल्या सगळ्यांची नावं पुकारली." आणि पुन्हा भोंग्याकडं वळले.

अब्बा आता नाहीत. त्यांचा एक भोंगा दुकानात वर टांगलेला आहे, तो वापरत नाही. पण समारंभाच्या सकाळी रिकाम्या सभागृहात मी यादीतली वीस नावं वाचतो, तेव्हा पोरं मागच्या भिंतीपाशी उभी राहून ऐकतात आणि ओरडून सांगतात, "चाचा, शेवटच्या रांगेपर्यंत आलं!" मग मी यादी खाली ठेवतो, माइकमध्ये नवे सेल घालतो आणि दारं उघडायला सांगतो.